टक्कल हा ऐब कोणाचा?

डोक्यावरचे केस विरळ होऊन टक्कल पडू लागले तर औषध घ्यावे, केस रोवून घ्यावेत, की जसे आहे तसे राहावे? भिवंडीच्या निजामपुऱ्यासारख्या वस्तीत हा प्रश्न त्वचारोगतज्ज्ञापाशी संपत नाही. पाच वेळच्या नमाजाआधी ज्या डोक्यावरून ओला हात फिरवायचा, नमाजात जे डोके जमिनीला टेकवायचे आणि हजला जाऊन ज्या डोक्याचे मुंडण करायचे, त्याच्याशी काय केलेले चालेल हे मौलानांनाही विचारावे लागते. शिवाय भिवंडीत सगळ्यांना एकच उत्तर मिळेल असे नाही. इथले कोकणी मुसलमान शाफई या धर्मशास्त्रीय परंपरेतले, तर एकोणिसाव्या शतकात उत्तरेतून येऊन मागावर बसलेले मोमीन विणकर हनफी. नमाजाआधी वुजू (हात-तोंड-पाय धुणे) करताना थोड्याशा केसांवरून ओला हात फिरला तरी शाफई मताने पुरते. हनफी मताने निदान पाव डोक्यावरून तो फिरायला हवा. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन घरांत डोक्याचा हिशेब थोडा वेगळा. तरीही या प्रश्नाचा गाभा दोन्ही घरांत सारखाच आहे, आणि त्याबद्दल माझे म्हणणे असे की धर्माच्या कसोटीवर टकलाचा उपचार बहुतांशी वैध ठरतो. मात्र तो ज्या कारणाने वैध ठरतो ते कारण नीट तपासले, तर टक्कल पडलेल्या माणसापेक्षा त्याच्याकडे पाहणाऱ्यांवर जास्त जबाबदारी येऊन पडते.

आधी शरीरात काय घडते ते पाहू, कारण धर्मशास्त्राचा कोणताही निकाल वस्तुस्थिती समजल्याखेरीज देता येत नाही. पुरुषांच्या कपाळाचे कोपरे मागे सरकत जातात आणि टाळूवर चकती पडते, ते टक्कल तेलाच्या, पाण्याच्या किंवा टोपीच्या दोषाने पडत नाही. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकाने दाखवले की वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले अशा पुरुषांना हे टक्कल पडत नाही. त्यांना पुरुषी संप्रेरक दिले तर मात्र ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जाऊ लागतात. १९७४ मध्ये संशोधक ज्युलियान इंपेरातो-मॅकगिन्ली यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कुटुंबांतल्या काही पुरुषांत टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करणारे विकर जन्मतःच कमी होते, आणि त्यांना टक्कल पडत नव्हते. यावरून दिशा मिळाली. वारशाने हळव्या झालेल्या केसांच्या मुळांवर हे दुसरे संप्रेरक परिणाम करते, मुळे बारीक होत जातात, केस वाढण्याचा काळ आखडतो आणि जाड केसाच्या जागी लव उरते. फिनास्टेराइड हे औषध तेच विकर अडवते. १ मिलिग्रॅमच्या गोळीला टकलासाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. मिनॉक्सिडिलची कथा वेगळी. ते रक्तदाबाचे औषध होते, ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचे डोक्याला लावायचे द्रावण तयार झाले आणि १९८८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. या दोन्ही औषधांबद्दल दुकानात सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की ती टक्कल बरे करत नाहीत, थोपवून धरतात. फरक दिसायला चार-सहा महिने जातात, मिनॉक्सिडिलने सुरुवातीच्या आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात, आणि औषध सोडले की मिळवलेले केस काही महिन्यांत निघून जातात. फिनास्टेराइडमुळे थोड्या पुरुषांत कामेच्छा व ताठरता कमी होते, मनही खचू शकते. आत्महत्येचे विचार हा त्याचा दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध संस्थेने २०२५ मध्ये मान्य केले. गर्भवती स्त्रीने तर त्याच्या फुटक्या गोळीला हातही लावू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

केसरोपणाचा पाया याहून निराळा आहे, आणि फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरतो. त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडले की डोक्याच्या मागच्या बाजूचा केस पुढे आणून लावला तरी तो आपला मूळचा स्वभाव सोडत नाही. मागे टिकणारा केस पुढेही टिकतो. आज डॉक्टर एखाद मिलिमीटर रुंदीच्या पोकळ सुईने मागच्या बाजूची मुळे एकेक करून काढतात, पुढे बारीक छेद देऊन त्यांत ती बसवतात. काम तासन्‌तास चालते. लावलेले केस पहिल्या महिन्या-दीड महिन्यात बहुतेक झडतात, मुळे आत राहतात, आणि खरा परिणाम दिसायला नऊ ते बारा महिने लागतात. मागचा साठा मोजकाच असतो, म्हणून काढलेले प्रत्येक मूळ कायमचे खर्ची पडते. आता हदीसकडे, म्हणजे पैगंबरांच्या वचन-आचरणाच्या नोंदींकडे वळू. दुसऱ्याचे केस आपल्या केसांना जोडणारी आणि जोडून घेणारी, दोघींचाही पैगंबरांनी निषेध केल्याचे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आजारपणात केस गळालेल्या, मदिनेतल्या एका अन्सारी मुलीचे लग्न झाले होते. तिला केस जोडू द्या अशी विनंती झाली, तेव्हाही परवानगी मिळाली नाही. वरवर पाहता प्रकरण इथेच मिटते. पण केसरोपणात दुसऱ्याचे काही जोडले जात नाही. स्वतःचाच जिवंत केस एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो, तिथे रुजतो आणि वाढतो. याच्या जवळ जाणारा दाखला दुसरा आहे. लढाईत नाक गमावलेल्या अरफजा यांना चांदीचे नाक बसवल्यावर दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा पैगंबरांनी त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले, आणि पुरुषाला एरवी सोने वर्ज्य असूनही सांगितले. हरपलेले परत आणणे आणि नसलेला डौल मिरवणे यांतला फरक या दाखल्यात स्पष्ट आहे. २००७ मध्ये मलेशियातल्या पुत्रजाया इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनाने सौंदर्यशस्त्रक्रियेवर जो ठराव केला, त्यात गळालेले केस रोवणे याच पहिल्या गटात घातले आणि स्त्रियांचा त्यात खास उल्लेख केला.

बारीक प्रश्न उरतात, आणि ते क्षुल्लक म्हणून झटकणे मला पटत नाही, कारण रोजचा धर्म अशा बारकाव्यांतच पाळला जातो. गोंदाने चिकटवलेला हेअर पॅच सर्वांत अवघड. गुसल, म्हणजे शुद्धीचे पूर्ण स्नान करताना पाणी डोक्याच्या कातडीपर्यंत पोहोचले पाहिजे. आठवडेच्या आठवडे न निघणारा पॅच ते अडवतो. वुजूच्या वेळी ओला हात फिरतो तो पॅच लावणाऱ्याच्या डोक्यावरून नव्हे, विकत घेतलेल्या केसांवरून. हनफी परंपरेत माणसाचे केस जोडणे नाकारून प्राण्यांच्या किंवा कृत्रिम केसांना वाट दिलेली आहे, पण ती वाट जोडण्याच्या प्रश्नाची. पाणी अडण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. रोज सहज काढता येणारा टोप त्या मानाने सोपा. मिनॉक्सिडिलच्या द्रावणात अल्कोहोल असते, मग ते लावून नमाज होतो का, हाही प्रश्न येतो. द्राक्ष-खजुराची दारू आणि कारखान्यात तयार झालेले, औषधातले अल्कोहोल यांत अनेक हनफी विद्वान भेद करतात, आणि औषधासाठी मोकळीक देणारे शाफई विद्वानही आहेत. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस डोक्याला पाणी लावू नका, खाली वाकू नका, घासू नका असे डॉक्टर सांगतात. तेव्हा डोके जमिनीला टेकवण्याचे, म्हणजे सजद्याचे काय? आजाऱ्याला इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आहेच. पण हा आजार तारीख ठरवून ओढवून घेतलेला आहे. म्हणून ती तारीख रमजानात आणि हजच्या तोंडावर येऊ नये एवढे भान ज्याचे त्याने ठेवावे, असे मला वाटते.

पहिला मोठा आक्षेप अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ केल्याचा. कुराणात सैतान माणसांना निर्मिती बदलायला लावीन अशी प्रतिज्ञा करतो, त्या आयतीचा आधार घेऊन हा आक्षेप घेतला जातो. तो प्रामाणिक आहे, पण तो टकलावर लावला तर मोतीबिंदूवरही लावावा लागेल, पडलेल्या दाताच्या जागी बसवलेल्या दातावरही लावावा लागेल. प्रत्येक रोगाबरोबर उपचारही उतरवला आहे, उपचार करा, ही पैगंबरांची शिकवण सर्वमान्य आहे. दुसरा आक्षेप सबुरीचा: जे गेले ते नशिबाचा भाग समजून सोसावे. याचे उत्तर एका स्त्रीच्या हकिकतीत आहे. तिला झटके येत. पैगंबरांनी तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या: सोसलेस तर जन्नत, हवे तर बरे होण्यासाठी दुआ. तिने सोसणे पत्करले, फक्त झटक्यात अंग उघडे पडू नये एवढे मागितले. या हकिकतीतून दोन गोष्टी निघतात. उपचार न घेणाऱ्याला कोणी कमी लेखू शकत नाही, तो घेणाऱ्यालाही नाही. आणि रोग सोसायला तयार असलेल्या त्या बाईलाही एक गोष्ट सोसवत नव्हती, ती म्हणजे लोकांच्या नजरेसमोरची आपली अवस्था.

टकलाचा सगळा प्रश्न माझ्या मते या नजरेपाशी येऊन थांबतो. परवानगी मिळते ती ‘ऐब दूर करणे’ या सदराखाली. पण टक्कल ऐब कसा? गोऱ्या वंशाच्या पुरुषांत पन्नाशीपर्यंत सुमारे निम्म्यांना ते पडते, आशियाई पुरुषांत काहीसे कमी. त्याने दुखत नाही, काम अडत नाही, आयुष्य त्यापायी घटत नाही. खलीफा उमर यांचे टक्कल इतके परिचित होते की मुस्लिमच्या संग्रहातल्या एका हदीसमध्ये सांगणारा त्यांचा उल्लेखच ‘टक्कल असलेले’ असा करतो, तेही काबाच्या काळ्या दगडाचे चुंबन घेतानाच्या प्रसंगात. हजरत अलींच्या वर्णनांतही कपाळावरचे केस गेलेले आहेत. दोघांचेही त्यामुळे काही उणे झाले नाही. मग ऐब आला कुठून? केसरोपणाला मान्यता देणारे विद्वान ज्या हदीसचा आधार घेतात तीच याचे उत्तर देते. बनी इस्राईलमधल्या तीन माणसांकडे फरिश्ता येतो: एकाला कोड, एकाला टक्कल, एक आंधळा. टक्कल असलेल्याला काय हवे असे विचारल्यावर तो चांगले केस मागतो, आणि ज्यापायी लोक माझी किळस करतात ते जावे म्हणतो. फरिश्ता डोक्यावरून हात फिरवतो, केस येतात. म्हणजे त्याचे दुःख कवटीवर नाही, लोकांच्या किळसेत आहे. फरिश्त्याने ते दुःख खरे मानले, त्याला आरशात पाहणारा उथळ माणूस म्हटले नाही. आपणही म्हणू नये. पण त्या दुःखाचा कर्ता कोण, हेही विसरू नये. (त्या माणसाची पुढची परीक्षा केसांवरून झालीच नाही. केस आणि संपत्ती मिळाल्यावर दारी आलेल्या याचकाला त्याने हाकलले, आणि तिथे तो नापास झाला.)

महाराष्ट्रात नजरेने डोक्याचा न्याय करण्याचा इतिहास कोणा एका धर्माचा नाही. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत विधवेचे केशवपन होई, आणि वस्तरा फिरलेले ते डोके तिला आयुष्यभर अशुभ ठरवी. १८९० मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी हे काम करणार नाही असे जाहीर केले. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला. त्याच प्रांतात मुलाचे जावळ काढणे मंगल, पुरुषाने देवाच्या दारी केलेले मुंडण पुण्याचे, जैन साधूने हाताने केस उपटून केलेला लोच वैराग्याचा, आणि मुसलमान घरात जन्मानंतरच्या अकीका विधीत बाळाच्या केसांच्या भाराइतकी चांदी दान द्यायची. हजमध्ये तर मुंडण करणाऱ्यांसाठी पैगंबरांनी तीनदा दुआ मागितली, केस नुसते कापणाऱ्यांसाठी एकदा. केस नसलेले डोके एके ठिकाणी पूज्य आणि दुसरीकडे हिणकस ठरते. डोक्यात काही फरक नसतो. अलीकडचे उदाहरण बुलढाण्याचे. डिसेंबर २०२४ पासून शेगाव तालुक्यातल्या गावांत बायाबापड्यांचे, पोरांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. तपासात रुग्णांच्या अंगात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले, आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. ते टक्कल वंशपरंपरेचे नव्हते, बऱ्याच जणांचे केस परत येऊ लागले. पण केस येईपर्यंतच्या काळात लोकांनी डोकी झाकून घेतली, लग्नाच्या वयातल्या मुलामुलींच्या काळजीने घरे हवालदिल झाली. अंगात विष गेल्याची भीती होतीच. लोक काय म्हणतील ही भीतीही तिच्या जोडीला होती.

इथे एक रास्त आक्षेप येईल. समाजाची नजर बदलेल तेव्हा बदलेल. ज्या मुलाला यंदा तीन स्थळांकडून नकार आला, त्याने काय करावे? त्याने खुशाल उपचार घ्यावा, आणि त्याबद्दल त्याला कोणी टोचू नये. मी फक्त एवढे म्हणेन की परवानगीबरोबर काही बंधनेही येतात. पहिले बंधन सचोटीचे. फसवणूक करणारा आपल्यातला नाही, हे पैगंबरांचे बोल बाजारातल्या धान्याच्या ढिगाबद्दल होते, पण लग्नाच्या बोलणीला ते अधिकच लागू पडतात. पॅच लावून मुलगी पाहायला गेलेल्याने तो पॅच आहे हे सांगितले पाहिजे. रोवलेले केस त्याचेच असल्याने त्यात फसवणूक नाही. फिनास्टेराइड चालू असेल तर ते होणाऱ्या बायकोपासून लपवू नये, कारण त्याचा संबंध संसाराशी आणि तिच्या गर्भारपणाशी येऊ शकतो. दुसरे बंधन पैशाचे. मागावर बारा-बारा तास उभे राहणाऱ्याने व्याजाच्या हप्त्यांवर केस घ्यावेत, आणि घरातल्या कोणाचे औषध थांबावे, याला ऐब दूर करणे म्हणता येणार नाही. व्याज तर हनफी आणि शाफई दोन्ही परंपरांत निषिद्धच आहे.

उपचार विकणाऱ्यांची बाजू मला सर्वांत चिंतेची वाटते. टक्कल बरे करण्याचा, नवे केस उगवण्याचा दावा औषधाने करू नये असे आपला कायदाच सांगतो. औषधे नियम, १९४५ च्या परिशिष्ट ‘जे’ मध्ये टकलाचे नाव आहे. तरीही तेलांच्या बाटल्यांवर आधी-नंतरची छायाचित्रे झळकतात. मार्च २०१९ मध्ये मुंबईतल्या एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा केसरोपणानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. एकाच बैठकीत सुमारे ९,५०० केसमुळे लावल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला बजावावे लागले की केसरोपण प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनेच करावे, यूट्यूबवर पाहून किंवा कार्यशाळेला बसून ते शिकता येत नाही. एखाद्याच्या अपमानाचा बाजार मांडून त्याला अर्धसत्य विकणे हे धर्माच्या कोणत्याही परंपरेत हलाल नाही. इतकी स्पष्ट गोष्ट फतव्यांत क्वचितच येते, कारण प्रश्न नेहमी घेणाऱ्याकडून विचारला जातो, विकणाऱ्याकडून नाही.

म्हणून निजामपुऱ्यातल्या आणि भिवंडीभरच्या इमामांना, मुफ्तींना विनंती. केसांबद्दल विचारायला आलेल्या तरुणाला नुसते जायज-नाजायज सांगून पाठवू नका. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत पाहा, औषध सोडल्यावर काय होईल ते आधी विचारा, हेही त्याला सांगा. आणि एखाद्या जुम्म्याच्या खुतब्यात सूरह हुजुरातमधली ती आयत घ्या, जिच्यात एकमेकांची थट्टा करायला आणि टोपणनावे ठेवायला मनाई आहे. ‘टकल्या’ म्हणून हाक मारणारे आणि केस पाहून स्थळ परत पाठवणारे तेव्हा समोरच्याच सफांत बसलेले असतील.